पहिली नोकरी घरून करावी काय? संशोधनातले मराठवाड्याला काय लागू पडते?

गोदाकाठ (नांदेड)

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्लेसमेंटचे काम पाहतो. यंदा शेवटच्या वर्षाची मुले-मुली कोणत्याही कंपनीविषयी पगाराच्याही आधी "सर, वर्क फ्रॉम होम आहे का?" हे विचारतात. त्यातच व्हॉट्सॲपवर एक निवेदन फिरत आहे. घरून काम केल्यास काम 13 टक्क्यांनी वाढते हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, तेव्हा पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांनी मराठवाड्यातील नव्या पदवीधरांना पहिल्या दिवसापासून गावी राहून काम करू द्यावे, अशी मागणी करून त्यावर सह्या गोळा केल्या जात आहेत. मी सही केलेली नाही. त्याची कारणे येथे मांडतो. ज्यांना ती पटत नाहीत त्यांनी अवश्य लिहावे.

13 टक्क्यांचा आकडा खरा आहे. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये 2010 च्या अखेरीस नऊ महिन्यांचा प्रयोग सुरू केला आणि त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी ज्यांचा वाढदिवस सम तारखेला येतो त्यांना आठवड्यातले चार दिवस घरी बसवले आणि विषम तारखेवाल्यांना ऑफिसातच ठेवले. वाढलेल्या 13 टक्क्यांपैकी सुमारे 9 टक्के वाढ ही माणसे जास्त मिनिटे कामावर राहिल्यामुळे झाली, कारण मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. उरलेली 4 टक्के वाढ दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे झाली. निवेदन लिहिणाऱ्यांनी पात्रतेची अट मात्र वाचलेली दिसत नाही. कंपनीत किमान सहा महिने काढलेले, घरी कामाला स्वतंत्र खोली असलेले आणि ब्रॉडबँड असलेले कर्मचारीच या प्रयोगात घेतले होते. म्हणजे काम शिकून झालेली माणसे घरी गेली. आपल्या निवेदनातील मुले काम शिकायची आहेत.

नवख्यांविषयीचा पुरावा आपल्याच देशात आहे. ॲटकिन, शोअर आणि शिंदे या संशोधकांनी चेन्नईत डेटा एन्ट्रीच्या कामासाठी माणसे नेमून त्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे घर किंवा ऑफिस वाटून दिले. 2023 मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षानुसार घरी बसलेल्यांची उत्पादकता ऑफिसवाल्यांपेक्षा 18 टक्क्यांनी कमी होती. यातला दोन तृतीयांश फरक पहिल्याच दिवशी दिसला. उरलेला हळूहळू पडत गेला, कारण ऑफिसात बसलेले लोक काम लवकर शिकत गेले. डेटा एन्ट्रीसारख्या कामात हे होत असेल, तर दुसऱ्याने लिहिलेला दहा वर्षांचा जुना कोड समजून घ्यायच्या कामात काय होईल याचा विचार व्हावा.

घरून काम करण्याला माझा विरोध नाही. पहिली दोन वर्षे मात्र जिथे टीम बसते तिथेच काढावीत, असे माझे मत आहे, आणि ते मी मुलांना स्पष्ट सांगतो.

परभणीकर

सर, आपण चेन्नईचा अभ्यास सांगितलात, पण त्यातला जो भाग आमच्यासारख्यांविषयी आहे तो वगळलात. ज्यांनी स्वतःहून घर मागितले होते त्यांची उत्पादकता घरी 27 टक्क्यांनी कमी भरली आणि ज्यांना ऑफिस हवे होते त्यांची 13 टक्क्यांनीच, असे त्याच अभ्यासात आहे. म्हणजे ज्यांना घराची गरज सर्वांत जास्त, त्यांचेच घरी सर्वांत जास्त नुकसान होते. याचे एक कारण संशोधकांनीच दिले आहे: लहान मुले असलेल्या, घरात कोणाची सेवा करावी लागणाऱ्या आणि गरीब घरांतल्या लोकांना ऑफिस निवडण्याची मोकळीकच कमी असते.

मी गेली काही वर्षे परभणीहून पुण्याच्या एका कंपनीसाठी आरोग्य विम्याचे दावे तपासते. सासूबाईंना अर्धांगवायू आहे. माझ्या टेबलावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असतात, इन्व्हर्टर आहे, आणि डीपी जळाली तर मैत्रिणीच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या खोलीत बसायची सोय करून ठेवलेली आहे. विजेचे आणि नेटचे प्रश्न पैसे टाकले की बऱ्यापैकी सुटतात. न सुटणारा प्रश्न असा की हेडफोन लावून मी टीम लीडशी बोलत असले, तरी दारात आलेल्या माणसाच्या लेखी मी घरीच असते. गॅसचे सिलिंडर उतरवून घेणे, दळण टाकणे, आल्या-गेल्याचा चहा ही सगळी कामे घरी दिसणाऱ्या बाईकडेच येतात. एकदा दावा नाकारण्याच्या कारणावर वाद चालू असताना चुलत सासरे खोलीत येऊन पलंगावर बसले आणि मीटिंग संपेपर्यंत माझ्याकडे कौतुकाने पाहत राहिले. त्यांना बाहेर जा असे सांगण्याची सोय आमच्या घरात नाही.

हे सगळे मान्य करूनही मी त्या निवेदनावर सही केली आहे. आपण घराची तुलना ऑफिसशी करता, पण माझ्यापुढे परभणीचे घर की पुण्याचे ऑफिस असा पर्याय कधी नव्हताच. परभणीचे घर की बेकारी, एवढाच पर्याय होता. शून्याच्या तुलनेत 18 टक्के कमी म्हणजे पुष्कळच झाले. शिवाय फोनवर बोलण्याचे काम घरी देण्यावरच पूर्वी दूरसंचार विभागाच्या अटी होत्या. 5 नोव्हेंबर 2020 च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्या शिथिल केल्या आणि त्यानंतरच लहान शहरांतल्या बायकांना असे काम मिळण्याची वाट मोकळी झाली. ती वाट आता शिकण्याच्या नावाखाली बंद होऊ नये.

अंबाजोगाईचा

पहिली दोन वर्षे पुण्यात काढावीत हे सांगणे सोपे आहे. फ्रेशरच्या पॅकेजमधून हिंजवडीजवळच्या फ्लॅटमधल्या एका कॉटचे भाडे, मेस आणि गावी येण्या-जाण्याचा ट्रॅव्हल्सचा खर्च वजा केला की घरी पाठवायला काय उरते, हे एकदा मांडून पाहावे. आणि सर, ऑफिसात शिकवतो तरी कोण? मी ऑफिसातच रुजू झालो होतो. माझ्या शेजारी बसणारा सीनियर दिवसभर कानात हेडफोन घालून बंगळुरूच्या टीमशी बोलत असे, माझा प्रश्न त्याला चॅटवर लिहावा लागे आणि त्याचे उत्तर संध्याकाळी येई. तेवढ्यासाठी अंबाजोगाई सोडायची काय गरज होती?

वाळूजवाला (छत्रपती संभाजीनगर)

अंबाजोगाईच्या भाऊंनी जे अनुभवले त्याला संशोधनात जुना आधार आहे. एमआयटीचे थॉमस ॲलन यांनी 1970 च्या दशकात प्रयोगशाळांमधील अभियंते एकमेकांशी किती वेळा बोलतात याची मोजदाद केली. टेबलांमधले अंतर वाढत जाते तसे बोलणे झपाट्याने कमी होते आणि साधारण 50 मीटरच्या पुढे ते इतके कमी होते की मग माणूस दुसऱ्या मजल्यावर असो की दुसऱ्या गावात, फारसा फरक उरत नाही, असे त्यांना आढळले. त्यामुळे एकाच इमारतीत असणे म्हणजे एकत्र काम करणे, हे गृहीत धरणेच चुकीचे आहे.

मी आयटीतला नाही. वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन आणि टूलरूम (जिथे उत्पादनाला लागणारी हत्यारे व साधने तयार होतात) यांच्यामधले काम माझ्याकडे आहे. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांना दूरच्या लोकांबरोबर काम करणे कोविडने शिकवलेले नाही, कारण ग्राहक एका देशात, डिझाइन दुसऱ्या शहरात आणि मशीन येथे, ही रचना आमच्याकडे पहिल्यापासूनच आहे. म्हणून या वादात मला घर आणि ऑफिस यांपेक्षा कामाचा प्रकार महत्त्वाचा वाटतो. गॅरी आणि ज्युडिथ ओल्सन यांनी 2000 मध्येच लिहून ठेवले होते की तंत्रज्ञान कितीही सुधारले तरी अंतराचा परिणाम राहणार आहे. दूरचे काम जमते की नाही हे त्यांच्या मते चार गोष्टींवर ठरते: दोन्हीकडच्या लोकांची समजूत सारखी आहे का, काम एकमेकांत किती गुंतलेले आहे, माहिती वाटून घेण्याची सवय आहे का आणि साधने हाताशी व अंगवळणी पडलेली आहेत का.

यांतली काम एकमेकांत गुंतलेले असण्याची बाब एका उदाहरणाने सांगतो. एका ब्रॅकेटच्या फिक्श्चरचे, म्हणजे पार्ट जागेवर पक्का धरून ठेवणाऱ्या साधनाचे, ड्रॉइंग दुसऱ्या शहरातील डिझाइन टीमने बदलले आणि पार्टची जागा ठरवणाऱ्या लोकेटिंग पिनची जागा थोडी सरकवली. बदल सर्व्हरवर चढवला, मेलही पाठवला. आमच्या टूलरूममध्ये मशीनशेजारच्या पाटीवर मात्र आधीच्या रिव्हिजनची प्रिंट चिकटवलेली होती, आणि फिक्श्चर त्याप्रमाणे तयार झाले. पार्ट बसेना. मग दोन्हीकडचे लोक व्हिडिओ कॉलवर आपापल्या ड्रॉइंगवर बोट ठेवून बोलत राहिले, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे वाद मिटेना. शेवटी आमचा एक मुलगा तो पार्ट बॅगेत घालून रात्रीच्या गाडीने तिकडे गेला आणि पार्ट टेबलावर ठेवताच सगळ्यांच्या लक्षात आले. डिझाइनचा माणूस टूलरूममध्ये दिवसातून एक फेरी मारणारा असता, तर पाटीवरची जुनी प्रिंट त्यानेच काढली असती.

याउलट अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचा अभ्यास पाहा. तेथे आधीच घरून काम करणाऱ्या पेटंट परीक्षकांना देशात कोठेही राहण्याची मुभा दिल्यावर त्यांचे काम सुमारे 4.4 टक्क्यांनी वाढले, असे पृथ्वीराज चौधरी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दाखवले. परीक्षकाला एक अर्ज मिळतो, तो त्याने तपासायचा आणि निर्णय लिहायचा. परभणीकर ताईंचे दावे याच जातीचे आहेत. ताईंचे काम परभणीहून उत्तम होणारच, आणि माझे होणार नाही. तेव्हा निवेदनात "सर्व नव्या पदवीधरांना" असे जे लिहिले आहे त्याला माझाही विरोध आहे, पण गोदाकाठ सरांच्या "सर्वांनी दोन वर्षे" या आग्रहालाही आहे.

आकडेमोड (छत्रपती संभाजीनगर)

मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी काटछाट करतो. या धाग्यात आयटीविषयी जे बोलले जात आहे, त्याला थेट लागू पडणारे दोन अभ्यास अजून कोणी आणलेले नाहीत.

पहिला मायक्रोसॉफ्टचा. अमेरिकेतील 61,182 कर्मचाऱ्यांच्या 2020 च्या पहिल्या सहामाहीतील मेल, कॉल, चॅट आणि मीटिंगांच्या नोंदी त्यात तपासल्या आहेत. सगळे घरी गेल्यावर लोक आपल्याच गटात जास्त बोलू लागले, इतर गटांना जोडणारे संबंध कमी झाले आणि समोरासमोरच्या किंवा थेट बोलण्याची जागा मेल-चॅटने घेतली, असा त्याचा निष्कर्ष आहे. मात्र या अभ्यासात काम चांगले झाले की वाईट हे मोजलेलेच नाही. कोण कोणाशी बोलले एवढेच मोजले आहे. तो उत्पादकतेचा पुरावा म्हणून वापरू नये.

दुसरा आशियातील एका मोठ्या आयटी सेवा कंपनीतील दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा, गिब्स, मेंगेल आणि सीमरोथ यांचा. तिथे कोविडकाळात कामाचे तास वाढले पण काम किंचित घटले. वाढलेला वेळ बैठका आणि समन्वयात गेला, सलग काम करण्याचे तास घटले, वरिष्ठांशी एकट्याने होणारे बोलणे आणि त्यांचे मार्गदर्शन कमी झाले, आणि घरी मुले असलेल्यांना याचा फटका जास्त बसला. हा पुरावा गोदाकाठ सरांच्या बाजूचा आहे, फक्त तो साथीच्या काळातला आहे. शाळा बंद, घरात भीती, आणि एका रात्रीत बदललेली पद्धत, एवढे सगळे त्या आकड्यात मिसळलेले आहे.

नव्या कल्पनांविषयीही एक नोंद करतो. ब्रक्स आणि लेवाव यांच्या 2022 च्या प्रयोगात व्हिडिओवरून बोलणाऱ्या जोड्यांनी समोरासमोर बसलेल्या जोड्यांपेक्षा कमी कल्पना सुचवल्या. स्क्रीनवर नजर खिळली की विचारही तेवढ्यातच फिरतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले आहे. सुचलेल्यांपैकी चांगली कल्पना निवडण्यात मात्र व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. वाळूजवाल्यांचा मुद्दा यातून आणखी बारीक होतो: एकाच कामाचा एक टप्पा दूरवर जातो आणि दुसरा जात नाही.

आता सर्वांना आवडणारा तोडगा, म्हणजे आठवड्यातले दोन-तीन दिवस ऑफिस. त्याचा पुरावा खरोखरच भक्कम आहे. त्याच शांघायच्या कंपनीत 1,612 पदवीधर कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले आणि पुढची दोन वर्षे कामगिरीच्या मूल्यमापनात वा बढतीत फरक दिसला नाही. पण ती माणसे शांघायमध्येच राहणारी होती. लातूर किंवा नांदेडच्या माणसाला आठवड्यातले तीन दिवस पुण्याचे ऑफिस म्हणजे पुण्यात खोली घेणे आलेच, म्हणजे भाडेही गेले आणि गावही गेले. ज्या पद्धतीच्या बाजूने सर्वांत चांगला पुरावा आहे, नेमकी तीच मराठवाड्याच्या वाट्याला येत नाही, आणि निवेदन लिहिणाऱ्यांनी याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही.

गोदाकाठ (नांदेड)

आकडेमोड सरांनी शेवटी जे लिहिले त्यावरच मला पुढे जायचे आहे, पण आधी अंबाजोगाईच्या भाऊंना उत्तर देतो. "ऑफिसात शिकवतो कोण" या प्रश्नावर इमॅन्युएल, हॅरिंग्टन आणि पॅले यांचे संशोधन आहे. एका मोठ्या कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्यांपैकी ज्यांची सगळी टीम एकाच इमारतीत बसत होती त्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांकडून जास्त शेरे आणि सूचना मिळत होत्या. ज्यांची टीम दोन इमारतींत विभागलेली होती त्यांना कमी. कोविडमध्ये दोन्ही इमारती बंद झाल्या आणि हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. यातला सर्वाधिक फायदा नवख्यांना होत होता, आणि त्याची किंमत सीनियर लोक मोजत होते, कारण शिकवण्यात वेळ गेल्याने त्यांचा स्वतःचा कोड कमी होत होता. आपला शेजारचा सीनियर बंगळुरूच्या टीममध्ये होता, म्हणजे आपली टीम आपल्या शेजारी नव्हतीच. मी "जिथे टीम बसते तिथे" असे लिहिले होते ते याचसाठी. जिथे पंचिंग मशीन आहे तिथे, असे लिहिलेले नाही.

आता मागणीकडे येतो. माझ्या मते निवेदनात घराऐवजी लातूर, नांदेड, परभणी येथे टीमच्या शाखा मागितल्या पाहिजेत. एकाच टीमची आठ-दहा माणसे एका खोलीत बसतील, त्यांतली दोन अनुभवी असतील आणि नवी मुले गावाहून रोज ये-जा करतील. डीपी जळाली तरी जनरेटर असेल, चुलत सासरे तिथे येणार नाहीत, आणि शिकणे अडणार नाही.

अंबाजोगाईचा

ती दोन अनुभवी माणसे लातूरला यायला तयार होतील का, हा माझा प्रश्न आहे. पुण्यात फ्लॅटचा हप्ता आणि मुलांच्या शाळा असलेला सीनियर "नेटिव्ह प्लेस" म्हणून दिवाळीला येतो, बदली म्हणून येणार नाही. शाखा उघडली तर तिथे फक्त आम्ही फ्रेशर बसू आणि सीनियर पुन्हा व्हिडिओवरच दिसेल. मग ती शाखा आणि माझे घर यांत फरक जनरेटरचाच.

वाळूजवाला (छत्रपती संभाजीनगर)

येणार नाहीत असे सरसकट नाही. आमच्याकडे मूळचे जालना-बीडचे आणि बाहेरून परत आलेले अनुभवी लोक आहेत; आई-वडील थकले की माणूस परत यायचे पाहतोच. कंपन्यांनी त्यांना बढती न रोखता येऊ दिले पाहिजे, कारण आज "गावी जातो" म्हटले की त्या माणसाने महत्त्वाकांक्षा सोडली असे धरले जाते. शाखेत शिकवणारा असणे ही अट मात्र हवीच. तिच्याविना शाखा मागण्यात अर्थ नाही, हे भाऊंचे म्हणणे मला मान्य आहे.

परभणीकर

शाखा परभणीत निघाली तर मी पहिल्या दिवशी जाईन, कारण सासूबाईंपासून ती पंधरा मिनिटांवर असेल. पण बढतीचा विषय वाळूजवाल्या दादांनी काढलाच आहे, तर निवेदनवाले आणि गोदाकाठ सर या दोघांनीही शांघायच्या पहिल्या प्रयोगातून सोडून दिलेली एक गोष्ट सांगते. तिथे घरून काम करणाऱ्यांचे नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, पण कामगिरी सारखीच धरली तर त्यांना बढती कमी मिळाली. प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितले तेव्हा घरी असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक ऑफिसात परतले, आणि एकटेपणा हे त्यांनी दिलेले एक प्रमुख कारण होते. मला या दोन्ही गोष्टी ओळखीच्या वाटतात. माझ्या चुकांचे प्रमाण टीममध्ये कमीत कमी आहे, हे माझा टीम लीड स्वतः सांगतो. टीम लीडची जागा निघाली तेव्हा ती ऑफिसात समोर दिसणाऱ्याला मिळाली.

तेव्हा गोदाकाठ सर, आपण प्लेसमेंटला येणाऱ्या कंपन्यांशी बोलताच, तर शाखेबरोबर आणखी एक गोष्ट विचारा: गेल्या अप्रेझलमध्ये दूरवरून काम करणाऱ्या किती जणांना बढती मिळाली आणि ऑफिसातल्या किती जणांना. हा आकडा कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला काढता येतो. जी कंपनी तो देईल तिच्याकडे आपल्या मुली पाठवा, मग ती त्यांना घरी बसवो की शाखेत.

गोदाकाठ (नांदेड)

ताई, हा प्रश्न मी कंपन्यांना पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या फॉर्ममध्ये घालतो. निवेदनावर सही मात्र "सर्व नव्या पदवीधरांना पहिल्या दिवसापासून" हे शब्द काढल्याशिवाय करणार नाही. ते काढून तेथे शाखेची आणि शिकवणाऱ्या सीनियरची अट घालायला निवेदनकर्ते तयार असतील, तर मजकूर मी लिहून देतो.